मुकी पट्टी

चर्चच्या सभागृहातला पियानो
रात्रंदिवस एक बल्ब पोटात घेऊन बसतो.
चाळीस वॉटचा. दमटपणावर उतारा म्हणून
सिस्टर जसिंताने आत टांगलाय,
शेजारी डांबरगोळ्यांची पुरचुंडी.
झाकण उचललं की आधी उजेड येतो,
सूर मागाहून.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून मीठ येतं
ते खिडकीला विचारत नाही.
तारांना लागतं, बिजागऱ्यांना, माझ्या चष्म्याला.
आषाढात डावीकडची एक काळी पट्टी फुगली
आणि मुकी झाली.
कोमल धैवत म्हणा, ए फ्लॅट म्हणा,
दाबली की नुसतं ठक्.
लाकडावर लाकूड.
वर यायलाही तिला वेळ लागायचा,
पाटावरून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाइतका.

मी लिहीत होते फ्लूट आणि पियानोसाठी,
अकरा मिनिटांचं काहीतरी,
आणि चार महिने तिसऱ्या मिनिटाशी अडकले होते.
तिथे पियानोने बोलावं असं वाटेना,
गप्प बसावं असंही वाटेना.
मग ती ठक् सापडली.

वरदा आजगावकर दिवसा बँकेत रोखपाल.
तिच्या फ्लूटला बासरी म्हटलं की भांडते.
तिला म्हटलं, फुंकू नकोस, नुसत्या कळा वाजव.
तिने वाजवल्या, नोटा मोजतात तशा भराभर,
टक् टक् टकटक्.
पियानो म्हणाला, ठक्.
पुन्हा ती. पुन्हा तो.
बाहेर कोणीतरी होडीच्या फटीत कापूस ठोकत होतं,
त्याचा हात थांबला.
ऐकलं असावं,
किंवा विडी पेटवली असावी.

मी उतरवून घेतलं.
पाच रेघांवर, सुराच्या जागी फुली.
एकूण सतरा फुल्या.
त्या रात्री बांगड्याचं तिखलं दोनदा वाढून घेतलं.

गणपती गेले, ऊन पडलं,
आणि मडगावहून कायतान मेस्त्री आले.
बोलावलं कोणी ते सिस्टर सांगेनात.
मी पोचले तेव्हा पट्टीचं बूड
पॉलिश पेपरने घासून झालं होतं.
"आतां उलयतलो पळय," मेस्त्री म्हणाले.
आणि बोलला की.
इतका खोल, इतका गोल,
सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी.
मी हसले. चहा केला. साखर दोनदा घातली.
बऱ्या झालेल्या माणसावर रागवायचं कसं?

मग खोट्या ठका करून पाहिल्या.
स्टुलावर, झाकणावर, बोटातल्या अंगठीने.
वरदा म्हणाली, हे दारावर कोणी आल्यासारखं वाटतंय.
खरंच तसं वाटत होतं.
आम्ही दोघी दाराकडे बघितलंसुद्धा.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
वैतागून मी ती पट्टी दाबली,
पण इतकी सावकाश, इतकी सावकाश,
की हातोडी तारेपर्यंत पोचलीच नाही.
काही वाजलं नाही.
पट्टी खाली, तार मोकळी, माझं बोट तसंच.
वरदा, म्हटलं, इकडे ये, पियानोच्या पोटात फुंक.
ती वाकली. बल्बचा उजेड
फ्लूटवर आणि तिच्या हनुवटीवर.
दोन सप्तकं वरचा तोच सूर तिने धरला,
श्वास संपेपर्यंत धरला, सोडला,
आणि आत कोणीतरी
तोच सूर पुढे धरून होतं.
कोणी न वाजवलेली तार.

आम्ही हललो नाही.
तो विझला नक्की कधी, यावर
आमचं अजून एकमत नाही.

फुल्या खोडल्या. पेन्सिलीने लिहिलं,
पट्टी दाबावी, वाजवू नये.
खाली वरदाने बारीक अक्षरात, घाई करू नये.

कार्यक्रम जानेवारीत आहे, याच सभागृहात.
सिस्टर विचारतात, मेस्त्रींनी एवढी दुरुस्त केलेली पट्टी
त्यात ऐकू येईल ना?
येईल म्हटलं.
सातव्या मिनिटाचं अजून काही सुचलेलं नाही.
उजवीकडे वरच्या बाजूला एक पांढरी
आजकाल थोडी कुरकुरते.
कोणाला सांगितलेलं नाही.